डाव्या चाकाची जबानी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मी, रावजी हरिबा लोंढे, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण चौथी पास, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागातून हेड मिस्त्री म्हणून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना लिहितो की, ही वही मी आजपासून सुरू करीत आहे.

कारखान्यात असताना तीन अपघातांच्या चौकशीत माझी जबानी झाली. तिन्ही वेळा साहेबांनी ती वाचून दाखवली आणि तीत एका शब्दाचीही खाडाखोड करावी लागली नाही. जबानीत माणूस जसा बोलला तसा लिहावा, स्वतःचे मत वेगळे लिहावे, हे मी तेथे शिकलो. येथेही तसेच करीन.

वहीचे कारण असे. माझा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. घर व शेत नातू दिग्विजय पाहतो. त्याने घरच्या मोटारीची कंपनीची चाके काढून रुंद, चकचकीत चाके बसवून आणली आहेत. ही चाके मोटारीचे नुकसान करणार, असे मी आज जेवताना सांगितले. कोणी मान वर केली नाही. पुढे नुकसान झाल्यावर ‘आबा, तुम्ही बोलला नव्हता’ असे कोणास म्हणता येऊ नये, म्हणून तारीखवार नोंद ठेवीत आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी ओळंबा आणि टेप घेऊन चाके मोजली. टायर मडगार्डच्या बाहेर दोन बोटे आला आहे.

नोंदीसाठी कारण लिहितो. चाक ज्या हबवर बसते त्याला चाकाची पाठ जेथे टेकते ती जागा आणि चाकाच्या रुंदीचा मध्य, या दोहोंत काही अंतर ठेवलेले असते. ते मिलिमीटरमध्ये चाकावर कोरलेले असते. कंपनीच्या चाकावर पंचेचाळीस होते. नव्या चाकावर वीस आहे. म्हणजे प्रत्येक चाक पंचवीस मिलिमीटर, सुमारे एक इंच, बाहेर सरकले. दुधाची किटली अंगालगत धरली तर माणूस डेअरीपर्यंत चालत जातो. तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा भरून येतो. मोटारीचा खांदा म्हणजे बेअरिंग. स्टेअरिंगचेही तेच. चाक बाहेर गेले की खड्ड्याचा प्रत्येक हिसका लांब दांडीने आत पोहोचतो आणि टाय रॉडचे सांधे झिजतात.

हे मी दिग्विजयला समजावले. तो म्हणाला, “आबा, चाक आत दडलेलं आसलं की गाडी उपाशी दिसती.”

“उपाशी दिसो वा जेवलेली, बेअरिंगला काय कळते?”

“तुमच्या टायमाला जीपा हुत्या. आता सगळं कॉम्प्युटरवर काढत्यात.”

“मग कॉम्प्युटरने पंचेचाळीस काढले होते. तू वीस का केलेस?”

तो फडके घेऊन चाक पुसू लागला. माझी पत्नी फुलाबाई तिळगुळाची वाटी घेऊन आली आणि म्हणाली, “आज तरी ग्वाड बोला. सणासुदीला ह्यांचं आपलं बेअरिंगच.” संजीवनी, म्हणजे दिग्विजयची बायको, पदर तोंडाला लावून हसली. मी तिळगूळ घेतला नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

एस. टी.ने इंदापूरला गेलो. चाके गोकुळने बसवली आहेत, हे काल समजले. हा गोकुळ अकरा वर्षे माझ्या हाताखाली होता. पाना कसा धरावा येथपासून मी शिकवले. आता त्याचे स्वतःचे गॅरेज आहे आणि आमच्या गावच्या शाळेच्या अकरा व्हॅन त्याच्याकडेच असतात. त्या माझ्याच शब्दावर त्याला मिळाल्या.

मला पाहताच त्याने खुर्ची पुसली. “या आबा. च्या सांगू का?”

“चहा नको. ही चाके तू बसवलीस?”

“बसवली. पुण्यास्नं त्यानं मागवून आणली हुती. म्या सांगितलं त्याला, बेअरिंगचं आयुष्य कमी हुईल, खड्ड्यात स्टेअरिंग हातातनं वढंल. न्हाईच म्हणला. म्या परत पाठवला असता तर दुसऱ्यानं चाकामागं चकत्या घालून आणखी भाईर काढली असती. माझ्या हातनं निदान चाक धड तरी बसलं.”

“माझा शिष्य म्हणवतोस आणि असली कामे करतोस.”

“आबा, गिऱ्हाईक हाय. त्याला शाळा शिकवाय मी कोण?”

तेवढ्यात त्याने एका व्हॅनचे काम हाती घेतले. हबचा मोठा नट अंगातली सगळी ताकद लावून आवळला आणि तसाच सोडला. मागे घेतला नाही. बेअरिंगचा नट आवळावा आणि मग एका फेऱ्याचा सहावा भाग मागे घ्यावा, म्हणजे बेअरिंग मोकळे फिरते, हा माझ्याकडचा पहिला धडा. चाळीस वर्षे जीपा आणि ट्रेलर मी याच नियमाने चालवले. अकरा वर्षे शिकलेला माणूस तो विसरला, हे पाहून मी काही न बोलता उठलो. विसरलेल्याशी काय बोलावे?

१९ जानेवारी, रविवार

दिग्विजय मित्राच्या घरी माळेगावला मोटारसायकलने गेला होता. मोटार अंगणात होती. चाके बदलणे माझ्या हातात नाही, परंतु बेअरिंगवरचा ताण कमी करणे माझ्या हातात आहे. डाव्या पुढच्या चाकाची मधली टोपी काढली. नटाची ठोकलेली कड छिन्नीने उभी केली. चार फुटी पाइप लावून नट सोडवला. किती आवळला होता म्हणावे! मग हाताला बेताचा लागेल इतका आवळून नियमाप्रमाणे सहावा भाग मागे घेतला आणि कड पुन्हा ठोकली. चाक मोकळे झाले.

संजीवनी धुणे वाळत घालीत होती. म्हणाली, “आबा, ह्यास्नी इचारलंय न्हवं?”

“मिस्त्रीने नातवास विचारून पाना धरायचा काय?”

“तसं न्हाय. नव्या गाडीचं काय येगळं आसंल म्हणून म्हणलं.”

“चाक गोलच आहे ना?”

ती पुन्हा धुण्याकडे वळली. माझे मनगट भरून आल्यामुळे उजवे चाक राहिले. पुढे करीन.

२ फेब्रुवारी, रविवार

बारामतीहून येताना भवानीनगरच्या पुढे डाव्या बाजूने घुमण्याचा आवाज येऊ लागला. वेग वाढला की गिरणी सुरू झाल्यासारखे वाटे, डावीकडे वळताना कमी होई. दिग्विजय म्हणाला, “टायर रुंद हायती, वाजणारच.” मी म्हणालो, “ते बेअरिंग आहे. तारीख लिहून ठेव.”

माझे म्हणणे खरे ठरत होते. मला वाईट वाटावयास हवे होते. वाटले ते समाधान. खरे ते लिहावे, म्हणून लिहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

आज दुपारी दिग्विजय, संजीवनी आणि त्यांची पाच वर्षांची छकुली बारामतीहून येत होती. लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडताना डावे पुढचे चाक एकाएकी कलले. ब्रेक लागेना. मोटार रस्ता सोडून तोडणी झालेल्या फडात उतरली. उसाचे बुडखे उभे असल्यामुळे थांबली. पुढे कालवा होता.

छकुलीस खरचटलेही नाही. दिग्विजयच्या छातीस मुका मार. संजीवनीचे उजवे मनगट मोडले. तिने छकुलीस धरले आणि हात पुढे टेकला.

दवाखान्यातून सर्व आल्यावर मी दिग्विजयला एवढेच म्हणालो, “मी सांगितले होते.” फुलाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता तरी गप बसा.” मी गप्प बसलो, परंतु नोंद केली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोकुळने मोटार ओढून इंदापूरला नेली. त्याचा फोन आला. “आबा, डाव्या बेअरिंगचा पार भुगा झालाय. उजवं ठणठणीत. चाकं तर दोनीकडं सारखीच हायती, मग डावंच कसं गेलं?”

मी म्हणालो, “डावे चाक साइडपट्टीवर उतरते. खड्डे त्यालाच.”

“म्हैन्याभरात?”

“चाके बसवणाऱ्याने हा हिशेब आधी करावयास हवा होता,” असे म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी मोहनराव आले. हे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. म्हणाले, “आबा, त्याच गोकुळकडं आपल्या शाळेच्या व्हॅनी हायत्या. आख्खी पोरं त्यात बसत्यात. पालक इचाराय लागलेत. तुमीच त्याला आणला, तुमीच आता सांगा. तुमचा शबूद आला की काढून घेतो.”

मी म्हणालो, “मी ऐकीव बोलत नाही. गोकुळला बोलवा. समोरासमोर होऊ द्या.”

मला वाटते हे योग्य झाले. त्या व्हॅन गेल्या तर गोकुळच्या गॅरेजमध्ये काय उरते, हे मला माहीत आहे. परंतु हयगयीची किंमत असते.

१६ फेब्रुवारी, रविवार

शाळेच्या वर्गात बैठक झाली. मोहनराव, समितीचे चार सभासद, दिग्विजय, मी. गोकुळ हब गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. लहान मुलांच्या बाकावर बसताना त्याचे गुडघे छातीस लागत होते, यावर एक सभासद हसला.

मी उभा राहून सर्व सांगितले. चाकांचे आकडे, एक इंच, आवाजाची तारीख. सर्वांनी नीट ऐकले.

मग गोकुळ उठला. “आबा म्हणत्यात त्ये चाकांचं खरं हाय. तसल्या चाकांनी बेअरिंग लवकर जातं. पर ह्ये बेअरिंग तसं गेल्यालं न्हाई. म्या एकच इचारतो. गाडी माझ्याकडनं गेल्यावर ह्या नटाला कुणी हात लावला?”

सर्वांनी दिग्विजयकडे पाहिले. त्याने नकारार्थी मान हलवली.

मी म्हणालो, “मी लावला. एकोणीस जानेवारीस. नट मरणाचा आवळलेला होता. तो मी सोडवून नियमाप्रमाणे सहावा भाग मागे घेतला. इतकी काळजी घेऊनही बेअरिंग गेले, यावरून चाकांचा दोष किती, हे समितीने समजावे.”

गोकुळ माझ्याकडे पाहत राहिला.  दिग्विजय मोबाइलमध्ये काही पाहत होता, तो उठून बाहेर गेला.

मोहनराव म्हणाले, “काय गोकुळ, बोल की. आबांनी तर सगळं फोडून सांगितलं.”

गोकुळने हब पुन्हा गोणपाटात गुंडाळला. म्हणाला, “माझी चूक झाली. म्या ती चाकं बसवाय नको हुती.”

एवढेच. कबुली स्पष्ट आहे. व्हॅन काढून घेण्याचा ठराव तेथेच लिहिला गेला.

कारखान्यातल्या तिन्ही चौकशांनंतर मी घरी येऊन पोटभर जेवलो होतो. आज ताट तसेच सारले. गोकुळ भांडला का नाही? तो भांडखोर आहे. कारखान्यात असताना साहेबाशी भांडला होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

व्हॅन बारामतीच्या गॅरेजला गेल्या. दिग्विजय माझ्याशी बोलत नाही. चाकांची लाज वाटत असावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोटार तयार झाली काय, हे घरात कोणी सांगेना. म्हणून स्वतः इंदापूरला गेलो. गॅरेजात आमची मोटार तेवढी होती. कंपनीची जुनी चाके भिंतीला टेकवून ठेवली होती. गोकुळ नवीन बेअरिंग बसवीत होता. मला “या” म्हणाला नाही.

त्याने लांब दांड्याचा पाना घेतला. त्यावर आकडे होते. नट आवळू लागला. ठरलेला जोर पुरा झाला तेव्हा पाना कट्ट वाजला. त्याने पाना काढला आणि नटाची कड ठोकली.

मी म्हणालो, “सहावा भाग राहिला.”

“ह्याला सहावा भाग नसतो, आबा.”

“कोणी सांगितले?”

तो उठला. जुने बेअरिंग आणून माझ्या हातात दिले. “ही जीपची रोलर बेअरिंग न्हवं. ही बंद बेअरिंग. आत दोन कडी हायती, नट गच आवळला तरच ती एकमेकाला धरून ऱ्हात्यात. ढिला केला की आतल्या गोळ्या हलत्यात, तापत्यात आन भुगा. चाकांनी बी त्येचं मरण जवळ आणलंच हुतं. पर त्ये दोन-तीन वर्सांनी आलं आसतं, आवाज करत, सांगून.”

मी बेअरिंग फिरवून पाहिले. आतली दोन कडी एकमेकांपासून सुटून वेगवेगळी डुगडुगत होती. पाहिल्यावर मिस्त्रीला कळते. मला कळले.

“डावेच गेले,” मी म्हणालो.

“उजव्याला तुमी हात लावला नसंल.”

“मनगट भरून आले होते.”

“देवाची किरपा.”

मी विचारले, “बैठकीत का बोलला नाहीस?”

“काय बोलू? तुमी उभं ऱ्हाऊन, छाती काढून सांगत हुता. त्या सगळ्या माणसांत तुमाला येड्यात काढून म्या भाईर कसा पडलो आसतो? कोण म्हणलं आसतं का, गोकुळचं बरूबर हाय? म्हणली आसती, गुरूवर उलाटला.” मग तो पाने फडक्याने पुसू लागला. “आन एक सांगतो. संक्रांतीनंतर तुमी हितं आला हुता. म्या तुमच्या डोळ्यांदेखत व्हॅनचा नट आवळला. तुमी बघत हुता. ‘मागं का घेत न्हाईस रं’ म्हणून इचारलं आसतं, तर तवाच सांगितलं आसतं. पर तुमी इचाराय आला नव्हता. सांगाय आला हुता.”

मी म्हणालो, “मी समितीला खरे सांगतो. व्हॅन परत येतील.”

“न्हाई येत, आबा.” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मोटार संध्याकाळी पोच करतो. तुमी आता थोडं दिस हिकडं येऊ नका. राग न्हाई. पर येऊ नका.”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज लिहिण्यासारखे काही नाही.

वरील वाक्य खोटे आहे. मागील पानावरील १९ जानेवारीची नोंद पाच वेळा वाचली. ‘चाक मोकळे झाले’ असे मी लिहिले आहे. त्या चाकावर छकुली एकवीस दिवस फिरली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मोहनरावांकडे गेलो. सर्व सांगितले. ते सुपारी कातरत होते, ती कातरून झाल्यावर बोलले.

“आबा, ठराव झालाय. बारामतीवाल्याला काम दिलंय. आता फिरवायचा म्हंजे शाळेचं हसं. तुमचं बी.”

“माझे होऊ द्या.”

“तुमाला काय वो, तुमी ऐंशीला टेकला. आमाला पुढं निवडणूक हाय. गोकुळनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय. तुमाला कुणी इचारतंय का? मग कशाला उकरायचं?”

“रविवारी दहा वाजता माझ्या घरी या. मी जबानी देणार आहे. समितीच्या सर्वांना सांगा.”

“बगू,” ते म्हणाले.

घरी येऊन दिग्विजयला सांगितले. तो म्हणाला, “मला बैठकीतच कळलं हुतं. मोबाइलवर काढून बघितलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो आसतो तर गोकुळ नको म्हणताना मीच हट्टानं चाकं बसवून घेतली, ह्ये बी निघालं आसतं. संजीवनीचे भाऊ तिच्या हाताचा जाब इचारत्यात. त्यास्नी काय सांगू, मी सोता चाकं आणली म्हणून?” मग म्हणाला, “आन तुमाला कोण सांगणार, आबा? तुमाला ह्या घरात कोण काय सांगतंय?”

मी वळून पाहिले. फुलाबाई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी अंगण झाडून घेतले, खुर्च्या मांडल्या. दहा वाजता कोणी आले नाही. मोहनरावांचा निरोप आला की बारामतीस लग्न आहे. समितीपैकी दोघांचे फोन बंद, दोघे ‘येतो’ म्हणाले. दिग्विजय सकाळीच मोटारसायकल घेऊन गेला. गोकुळला मी फोन केला होता. त्याने उचलला, ऐकले आणि म्हणाला, “वाचा तुमी. माझं काय न्हाई.”

पावणेअकरापर्यंत वाट पाहिली. मग उभा राहिलो आणि खालीलप्रमाणे वाचून दाखवले:

मी, रावजी हरिबा लोंढे, लिहून देतो की, दिग्विजयने बसवलेली चाके एक इंच बाहेर होती आणि ती बेअरिंगला व स्टेअरिंगला घातक होती, हे माझे म्हणणे कायम आहे. परंतु नऊ फेब्रुवारीस डावे चाक गेले ते त्या चाकांमुळे नव्हे. नट मी ढिला केला. मला त्या बेअरिंगचे ज्ञान नव्हते. ज्ञान नाही हे मला माहीत नव्हते, कारण मी कोणास विचारले नाही. गोकुळची काही चूक नाही. सोळा फेब्रुवारीची माझी जबानी चुकीची आहे आणि ती मी आज खोडतो. ही माझी पहिली खाडाखोड.

वाचताना दोनदा थांबलो. पाणी पिऊन पूर्ण केले.

वाचन झाले त्या वेळी हजर असलेले साक्षीदार:

१. फुलाबाई रावजी लोंढे, वय चौऱ्याहत्तर, पत्नी. तांदूळ निवडीत बसून ऐकले. अंगठा दिला.

२. छबूबाई, शेजारीण, वय अंदाजे साठ. ताक मागण्यासाठी आली होती, शेवटपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. काय समजले असे विचारता म्हणाली, “तुमी चुकला, एवढंच कळलं.” अंगठा दिला.

३. संजीवनी दिग्विजय लोंढे, वय चोवीस. छकुलीस मांडीवर घेऊन सर्व ऐकले. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे सही करता आली नाही.